गिरधरचा हळू आवाज

बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात गिरधर राहतो त्या गल्लीत सकाळी माग सुरू होतात ते रात्रीची जेवणं उरकेपर्यंत चालतात. मधल्या वेळात जे काही बोलायचं ते मागाच्या आवाजाच्या वर चढून बोलावं लागतं. एकेका घरात सहा-सहा, आठ-आठ पावरलूम, खट-खट-खट-खट. तिथं वाटीभर साखर उसनी मागायची तरी भांडल्यासारखी मागावी लागते. "जेवलीस का माय" म्हटलं तरी वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसाला वाटतं, कुणीतरी कुणाचं बखोट धरलं. त्या गल्लीतल्या पोरांना शाळेत मास्तर म्हणायचे, ओरडू नका. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची, की ओरडलं कोण.

गिरधर तिथलाच. आधी सुताच्या कांड्या भरायला बसला, मग माग चालवायला शिकला, आता जॉबर आहे. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. अंगानं किरकोळ, मिशी बारीक, आणि आवाज असा की त्यानं ओट्यावरून हाक मारली तर शनवाऱ्याच्या चौकातल्या रिक्षा थांबाव्यात. त्याची बायको विमल लग्न होऊन आली तेव्हा सुरुवातीला रोज रडायची. नवरा फार तापट मिळाला, असं तिनं माहेरी निंबोल्याला कळवलं. समजूत घालायला तिचा भाऊ आला. गिरधरनं त्याला दारातूनच विचारलं, "चहा घेणार का सरबत?" तसा भाऊ दोन पायऱ्या उतरून परत खाली गेला.

मग एका संध्याकाळी गिरधर कारखान्यातून आला आणि अगदी हळू, मऊ आवाजात म्हणाला, "विमल, पाणी दे." विमलला बरं वाटलं. देवानं ऐकलं म्हणायचं, माणूस सुधारला. तेवढ्यात सासूनं निवडायचं ताट खाली ठेवलं, पायात चपला घातल्या आणि शेजारी निघून गेली. जाताना सुनेला म्हणाली, "आज त्याच्याशी बोलू नको. फार चिडलाय."

त्या दिवशी कारखान्याच्या मालकानं एका म्हाताऱ्या कामगाराच्या अंगावर हात टाकला होता. तेव्हा विमलला उलगडा झाला. गिरधर मोठ्यानं बोलतो तेव्हा घरात सगळं ठीक असतं. आवाज उतरला की समजावं, पारा चढला.

याचं मूळ कारखान्यातच होतं. माग चालू असताना रागावून उपयोग नाही, ऐकतो कोण? जीव तोडून शिवी द्यावी आणि समोरच्यानं मान हलवून "हो, झाला चहा" म्हणावं. गिरधरला काम शिकवलं ते भिकन उस्तादांनी. त्यांचा एक नियम होता. शिवी द्यायची तर आधी माग बंद कर, मग दे. आणि माग उगाच बंद केला तर कापडात पट्टा पडतो, तो नंतर किती धुतला तरी जात नाही. म्हणून बंद करण्याआधी माणूस दोनदा विचार करायचा. त्यातूनही एखाद्यानं केलाच बंद, तर उस्ताद म्हणायचे, "थांबवलास ना बेटा? मग आता तुटलेला धागा कुठं आहे ते आधी बघ." धागा शोधायचा, गाठ मारायची, तेवढ्यात शिवी कुठल्या कुठे जायची. कित्येकांना तर ती कुणाला द्यायची होती तेही आठवायचं नाही.

भिकन उस्ताद गेले, पण गिरधरच्या अंगात तो नियम मुरला. राग आला की त्याचा आवाज खाली यायचा. आणखी आला की आणखी खाली. आणि अगदी डोक्यापर्यंत गेला की आवाज बंदच, नुसते ओठ हलायचे. मागवाल्यांना ओठ वाचता येतात. कारखान्यात दिवसभर तसंच बोलतात ना, ह्या टोकाला एक, त्या टोकाला दुसरा. विमल ते संसारात शिकली आणि त्यांची मुलगी भूमिका तर बोलायला लागायच्या आधी शिकली. त्यामुळे गिरधर चिडला की घरात फार शांतता असायची आणि माहिती मात्र सगळ्यांना पूर्ण मिळायची.

आता ही भूमिका मोठी झाली, शाळेत शिकवायला लागली, आणि एका लग्नात पंगतीला वाढता वाढता तिची रावेरच्या तुषारशी ओळख झाली. तुषारचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. त्याचे आईबाप लहानपणीच गेलेले. चुलते मोतीलाल आणि चुलती कोकिळा यांनी त्याला वाढवलं. दोघांचं जमलं. गिरधरला मुलगा आवडला, विमलला त्याहून आवडला, कारण त्यानं दुसऱ्यांदा वांग्याची भाजी मागून घेतली. राहिलं होतं फक्त मोतीलालचं हो म्हणणं. आणि घोडं अडलं ते तिथंच.

मोतीलालनं म्हणे इच्छापूरला, देवीच्या यात्रेत, गिरधरला बघितलं होतं. पायऱ्यांखाली एका नारळवाल्याशी हा माणूस एवढ्या मोठ्यानं भांडत होता की बायका लेकरं कडेवर घेऊन बाजूला झाल्या. मोतीलालनं तेव्हाच मनात खूणगाठ बांधली. भांडकुदळ घराशी सोयरीक नाही. तुषारनं हातापाया पडून त्याला एकदा बघून तरी या म्हणून तयार केलं. मोतीलाल म्हणाला, येतो. पण मी त्याला डिवचून बघणार. चिडला तर उठून यायचं, जेवायला सुद्धा थांबायचं नाही.

हे सगळं तुषारनं भूमिकाला व्हॉट्सॲपवर कळवलं. भूमिकानं ते बापाला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "पप्पा, एक दिवसाचा प्रश्न आहे. प्लीज. हळू बोला."

"मी हळूच तर बोलून राहिलो," गिरधर म्हणाला. पत्र्यावरची कबुतरं उडाली.

नारळवाल्याचं त्याला आठवेना. मग आठवलं. तो नारळवाला ओळखीचा होता आणि गिरधर त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत होता. भूमिका म्हणाली, आता हे तिकडे जाऊन सांगता येत नाही. गिरधर म्हणाला, बरोबर आहे, गुडघ्यासाठी एवढं कोण ओरडतं.

मग सराव सुरू झाला. गिरधरनं घसा खाकरला, आवाज खाली आणला आणि विमलला म्हणाला, "जरा चहा आण."

विमल हातातलं टाकून धावत आली. "कोणी काय केलं?"

"कोणी काही नाही केलं. सराव आहे."

"मग असं बोलू नका," विमल म्हणाली. "माझे पाय आपोआप चपलांकडे जातात."

पण दुसरा इलाज नव्हता. शेजारच्याला 'पाहुणे जाईपर्यंत माग बंद ठेव' म्हणावं, असंही विमलनं सुचवून पाहिलं. गिरधरनं नाही म्हटलं. त्याला माग बंद ठेव म्हणणं म्हणजे आज जेवू नको म्हणण्यासारखं आहे. आणि आपली पोरगी द्यायची म्हणून दुसऱ्याच्या पोटावर पाय का द्यावा?

रविवारी पाहुणे आले. मोतीलाल धिप्पाड माणूस, पांढरा शर्ट, खिशाला पेन. दारात चपला काढता काढताच त्यानं सुरुवात केली. घर शोधायला काही त्रास झाला नाही म्हणाला, गोंगाटाच्या मागे मागे आलो. मागून तुषार खाली मान घालून आला. कोकिळा सगळ्यांच्या शेवटी. ती दारातच क्षणभर उभी राहिली, भिंतीपलीकडच्या खटखटीकडे कान देऊन, एखाद्यानं जुन्या ओळखीच्या माणसाची हाक ऐकावी तशी. मग पदर सारखा करून आत आली आणि कोपऱ्यात बसली. रावेरहून येणारी माणसं त्या गल्लीत आधी कानावर हात ठेवतात. तिनं ठेवला नाही. पण त्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"या. बसा," गिरधर हळू आवाजात म्हणाला.

आत विमलच्या हातून पळी पडली.

मोतीलालनं पाणी प्यायला घेतलं, पेला खाली ठेवला आणि गिरधरला विचारलं, मागवाले पन्नाशीला बहिरे होतात म्हणतात, तुम्हाला ऐकू येतं ना? गिरधर म्हणाला, येतं. मोतीलालला ते ऐकू आलं नाही. त्यानं कानामागे हात धरून विचारलं, काय? गिरधरनं परत सांगितलं, येतं. मोतीलाल परत म्हणाला, काय? शेवटी तुषारनं काकाच्या कानाशी वाकून सांगितलं, की त्यांना ऐकू येतं.

मग केळीचा विषय निघाला. मोतीलालच्या घरची केळीची शेती. तो म्हणाला, बऱ्हाणपूरची केळी रावेरच्या गाडीत चढते आणि रावेरची म्हणून विकली जाते. आमचं नाव नसतं तर तुमची केळी घेतो कोण. गिरधरला याचं फारसं काही वाटलं नाही, त्याच्याकडे केळीचं एक खोडही नव्हतं. पण विमल निंबोल्याची, तिच्या बापाची केळी. ती आतून चहा घेऊन आली ती मोतीलालच्या कपात साखर न घालता.

चहानंतर मावा जिलेबी आली. सकाळी गिरधर स्वतः जाऊन गरम गरम घेऊन आला होता, डबा छातीशी धरून. बऱ्हाणपूरची मावा जिलेबी काळपट असते, हे दुनियेला माहीत आहे. मोतीलालनं एक तुकडा उचलला, उजेडात धरला, आणि आवाज चढवून, कारण त्याशिवाय त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं, विचारलं, "ही काय, जळली का?"

गिरधरचा आवाज आणखी एक पायरी उतरला. "ती तशीच असते," तो म्हणाला.

"काय?"

"ती तशीच असते."

विमलनं दाराआडून भूमिकाकडे बघितलं. भूमिकानं डोळे मिटले. इकडे तुषारच्या चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नव्हता. त्याला वाटत होतं, काय शांत माणूस आहे, काका एवढे टोचून राहिले आणि हा गाईसारखा बसलाय. मोतीलाललाही कोड्यात पडल्यासारखं झालं होतं. जो माणूस यात्रेत नारळावरून आकाशपाताळ एक करतो, तो जिलेबीवरून ओठाला ओठ लावून बसतो? त्याला वाटलं, याला पढवून ठेवलंय. आणि ते खरंच होतं. मग त्यानं ठरवलं, आता मुळावर घाव घालायचा.

दीड-दोन तास मागाशेजारी बसून मोतीलालचा आवाज आता चांगलाच वर गेला होता, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. त्यानं मांडी बदलली, पुढं सरकला आणि भिंत दणाणेल असा म्हणाला, की मी तर ऐकलंय पोरगीही बापावरच गेलीय, तसाच कर्कश गळा, अन् असली सून घरात आणण्यापेक्षा—

तेवढ्यात लाइट गेली.

गल्लीतला एकूण एक माग एकदम थांबला. ज्यांनी ती शांतता अनुभवली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. त्या शांततेत गल्लीभर जो जे काही बोलत असतो ते उघडं पडतं. नळावरची बाई सवतीबद्दल बोलत असते ते सवत ऐकते. त्या दिवशी उघडं पडलं ते मोतीलालचं अर्धं राहिलेलं वाक्य.

"दारात भुंकणारं कुत्रं पाळलेलं काय वाईट," मोतीलाल ओरडला.

समोरच्या ओट्यावरची म्हातारी गहू पाखडायची थांबली. भूमिका पाण्याचा तांब्या घेऊन आतल्या दारात उभी होती. तुषार उठला, "काका" म्हणाला.

गिरधरचे ओठ हलले. आवाज काही आला नाही.

"काय म्हणाले?" मोतीलालनं विचारलं. आता त्याचाही आवाज जरा खाली आला होता.

विमल बाहेर आली. तिचा चेहरा अगदी निर्विकार होता. ती म्हणाली, "म्हणतात, पाव्हण्यांना तापीवर घेऊन जायचं."

ओठ परत हलले. या वेळी जरा जास्त वेळ.

"अन् आता?"

"घाटाच्या पायऱ्या उंच आहेत म्हणतात," विमल म्हणाली. "तुम्हाला उतरायचा त्रास पडू देणार नाहीत."

कोपऱ्यातून कोकिळा बोलली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"तापीला सध्या पाणी कमी आहे, भाऊ," ती म्हणाली. "राजघाटाला तर गुडघाभरच असेल."

विमलचा हात पदराशी गेला. गिरधरनं मान वळवून कोकिळाकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. कळणारच. तिचा बाप याच बऱ्हाणपुरात मागावर होता. पुढे कारखाना बंद पडला तेव्हा ती माणसं रावेरकडे गेली. लहानपणी ती बापाला डबा द्यायला जायची आणि 'आईनं काय सांगितलंय' ते दारातूनच ओठांनी सांगायची. इतकी वर्षं ती बोली तिच्यापाशी पडून होती, रावेरात कुणाशी बोलणार?

आता तिनं एक शब्द उच्चारला असता तर सोयरीक तिथंच मोडली असती. भूमिकाला ते कळत होतं, म्हणून तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला होता.

कोकिळानं पदर तोंडासमोरून जरा बाजूला केला. गिरधरकडे बघत, अजिबात आवाज न करता, ती ओठांनी म्हणाली, "आमच्या लेकीचा, रश्मीचा, सासरा ताटं फेकतो. भरलेली. आम्ही न बघता, न विचारता दिली. तेव्हापासून हे असे झालेत. जिथं तिथं डिवचून बघतात."

गिरधरनं तिचे ओठ वाचले.

खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याला भिकन उस्तादांचाही आधार राहिला नव्हता. माग बंद केल्याशिवाय शिवी द्यायची नाही हा नियम, पण आज माग आपोआप बंद झाले होते. कापडात पट्टा पडायचा तो लाइटवाल्यांच्या नावावर पडला असता. म्हणजे तोंड मोकळं होतं, अन् समोरच्या माणसानं पोरीला कुत्र्याच्या खाली बसवलं होतं. जिभेवर होतं तेही काही लहानसहान नव्हतं. चाळीस वर्षांचं साठलेलं, न वापरलेलं, नव्यासारखं होतं.

पण नियमाचा दुसरा भाग उरलाच होता. थांबवलास ना बेटा? मग आता तुटलेला धागा बघ. आणि धागा तर त्या बाईनं हातात आणूनच दिला होता.

गिरधरनं मोतीलालकडे नीट बघितलं. एवढा धिप्पाड माणूस, पण त्याची नजर सारखी विमलच्या, भूमिकाच्या तोंडावरून फिरत होती. रागानं नाही. ज्यानं एकदा आपल्या लेकीला वाईट घरी टाकलं, तो मग दुसऱ्याच्या दारातल्या चपलासुद्धा उलट्या करून बघतो.

विमलनं बाजू सावरली होती, कोकिळानं झाकून घेतली होती. गिरधरनं नुसतं गप्प बसून जेवायला चला म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पोरगी दारात उभी होती, आणि खोट्या हळू आवाजावर तिचं लग्न लागलं असतं तर तो आवाज मग जन्मभर काढावा लागला असता. तेवढा राग कुठून आणायचा?

त्यानं घसा साफ केला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मोतीलालभाऊ."

फळीवरचं झाकण वाजलं. मोतीलाल बसल्या जागी मागे सरकला आणि बायकोकडे वळला. "बघ," तो म्हणाला. "चिडला शेवटी."

"नाही हो," कोकिळा म्हणाली. "मघापासून चिडले होते. आता शांत झाले."

मोतीलालला काही कळेना. गिरधरनं त्याला कळवलं, आणि ते त्याच्याबरोबर अख्ख्या गल्लीला कळलं. माझा आवाज हा असा आहे, तो म्हणाला. हा माझा सुखाचा आवाज. तुम्ही मघापासून जो ऐकला तो रागाचा. सकाळपासून तुमच्या भीतीनं रागाच्या आवाजात चहा विचारतोय, बायको धास्तावली. त्या नारळवाल्याच्या आईचे गुडघे दुखतात, ते विचारत होतो. तुम्ही आले तेव्हा कसे बोलत होते अन् आत्ता कुत्र्याचं बोलले ते कसे बोलले, आठवून बघा. दोन तासात तुमचा गळा एवढा चढला. मी तर इथंच जन्मलो.

मोतीलालनं नकळत आपल्या गळ्याला हात लावला.

"तापीचं मी बोललो ते खरं आहे," गिरधर म्हणाला. "विमलनं गोड करून सांगितलं. मी तुम्हाला वरूनच ढकलणार होतो. ते मी मागं घेतो. तुम्ही पोरीचं बोलले ते मागं घ्या. मग पसंत करा, नाही तर नका करू."

समोरच्या ओट्यावरची म्हातारी म्हणाली, "बरोबर आहे." तिला कुणी विचारलं नव्हतं.

मोतीलालनं जिलेबीची ताटली जरा बाजूला सारली. मग भूमिकाकडे बघून म्हणाला, "पोरी, ते लाइट गेल्यामुळे जास्त मोठं वाटलं."

"नाही काका," भूमिका म्हणाली. "तेवढंच होतं ते."

"हां," मोतीलाल म्हणाला. "तेवढंच होतं. चुकलं माझं."

भूमिका पुढं आली आणि तिनं त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. हातातला तांब्या मघापासून जड झाला होता, तो एकदाचा खाली ठेवला.

गिरधर विमलला म्हणाला, आता पानं वाढ, आणि ताटं लग्नातली काढ. सगळी काढ. विमलला वाटलं, पाहुण्यांचा मान म्हणून सांगतायत. तिनं पेटीतली ताटं काढली, कडेला नावं कोरलेली, आहेर करणाऱ्याचं नाव आणि गाव. वरण-बट्टी झाली होती, घोटलेली वांग्याची भाजी होती. मोतीलाल ताटावर बसला. त्यानं बट्टी कुस्करायच्या आधी ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं. सरळ, गोल, कुठं चेपलेलं नाही. मग तुषारच्या ताटावरून फिरवलं. मग शेजारी मांडलेल्या रिकाम्या ताटांवरून. आणि मग त्याचा हात थांबला. हा माणूस आपल्याला ताटं का दाखवतोय ते त्याला उमगलं. त्यानं कोकिळाकडे बघितलं. कोकिळा लोणच्याकडे बघत होती.

रश्मीचं नाव कुणीच काढलं नाही. गिरधरनंही नाही. तूप वाढून घ्या, एवढंच तो म्हणाला, आणि ते तिसऱ्या घरापर्यंत गेलं.

पण मोतीलाल हातात घेतलेलं काम अर्धं सोडणारा नव्हता. त्यानं उरलेली ताटंही बघितली आणि शेवटच्या ताटाला चांगला मोठा पोचा निघाला. कड आत वळलेली. त्यानं ताट उचललं, उजेडात धरलं, मघाशी जिलेबी धरली होती तसं.

"हे?" तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी उतरला होता. "हे कसं झालं?"

तुषारनं हातातली बट्टी ताटात ठेवली. भूमिकानं आईकडे बघितलं.

"ते मी फेकलं होतं," विमल म्हणाली.

"तुम्ही? कशापायी?"

"हे दोन दिवस हळू बोलून राहिले होते," विमल म्हणाली. "किती सहन करावं माणसानं."

कोकिळाला ठसका लागला. तुषारनं तिला पाणी दिलं. मोतीलालनं ते ताट खाली ठेवलं, ते आपल्यापुढं ओढलं, आपलं वाढलेलं चांगलं ताट विमलपुढं सरकवलं आणि म्हणाला, मला याच्यात वाढा. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि विमलनं विचारलं नाही. तिनं वाढलं. त्याच्या चहात साखर घातली नव्हती हे तिला तेव्हा आठवलं आणि तिनं त्याच्या बट्टीवर दुप्पट तूप सोडलं.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा लाइट आली. एक माग लागला, दुसरा लागला, बघता बघता सगळी गल्ली खडखडायला लागली. तेवढ्यात मोतीलालनं वर बघून काहीतरी म्हटलं. ते कुणालाच ऐकू आलं नाही. तुषार पुढं झुकला. भूमिका भिंतीला टेकून उभी होती, ती सरळ झाली.

"काय म्हणाले?" विमलनं मोठ्यानं विचारलं.

"म्हणतात, मुलगी पसंत आहे," कोकिळा तिच्याहून मोठ्यानं म्हणाली. रावेरला गेल्यापासून एवढ्या मोठ्यानं ती पहिल्यांदाच बोलली असेल. "तुळशीच्या लग्नानंतरची तारीख काढा म्हणतात."

मोतीलालनं बायकोकडे बघितलं. तो काहीतरी बोलणार होता. मग त्यानं मान डोलावली आणि जेवायला लागला.

गिरधर मोतीलालच्या बरोबर समोर बसला होता आणि त्याला ओठ वाचता येत होते. मोतीलाल काय म्हणाला ते त्यानं स्पष्ट बघितलं होतं. पण तो कुणाला काही बोलला नाही. उठला, आत गेला आणि जिलेबीचा डबा घेऊन आला. त्यातली सगळ्यात काळी होती ती त्यानं मोतीलालच्या ताटात, पोच्याच्या बाजूला, ठेवली.

मोतीलालनं तीच मागितली होती.